मोठेबाबा, जैसे थे

मोठेबाबा, जयभीम.

हा कागद माह्या हातचा नोहे. तुमाले तं माहीतच आहे, दुसरीत मी तीन वर्सं काढली. तेवढ्यात तीन मास्तर बदलून गेले, मी आपला त्याच टाटपट्टीवर. आता मी बोलून राहिलो आन सुमन लिहून राहिली. ती दहावीपर्यंत शिकली, म्हनून घरातलं लिहाचं काम तिच्याकडं आन बडबडीचं माह्याकडं. आताच तिनं पेन थांबवला. म्हन्ते, "अवो, आपल्याच बायकोची तारीफ कायले लिहाले लावता? लोक म्हनतीन सुमननं सोताच घुसवलं." राहू दे म्हनलं. तुमी असते तं तुमीबी राहू दे म्हनले असते.

परवा विहारात तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. शाळेचे मास्तर म्हनले, "गुलाब, तू दोन शब्द बोल. सख्खा पुतन्या आहेस, आन तुले बोलाची सवय आहे." मी म्हनलो, "मास्तर, सवय आहे म्हनूनच नोको. मी लिहून देतो, तुमी वाचा." तं मास्तर हसाले लागले. "तू, आन लिहून?" पाहा मोठेबाबा, हे असं होते.

मी तोंड उघडलं का लोक हसतात. ही माही आजवरची कमाई. बसथांब्यावरच्या माह्या दुकानात कोनी पंक्चर काढाले आला आन पंक्चर निघाच्या अंदर तीनदा हसला नाही, तं मले वाटते काम खराब झालं. दिवाळीनंतर गावची मंडई, आपली जत्रा, भरली का रातच्या दंडारीच्या खेळात सोंग माहंच. तोंडाले पीठ फासून नुसता उभा राहिलो तरी पोट्टे लोळतात. आता कोनापाशी रडाले गेलो तरी तो म्हन्ते, "वा गुलाब, काय हुबेहूब रडते!" तुमच्या सरनापाशीबी तेच झालं. ते समोर सांगतो. आधी कामाचं सांगतो, नाहीतर मी पुन्हा गमतीच्या बोळातून पळून जाईन. ते बोळ मले चांगलं माहीत आहे.

तुमी फौजेतून पेन्शनवर गावात आले, तवा तुमच्यासंगं एक हिरवी लोखंडी पेटी आली आन एक शब्द आला. जैसे थे. आमाले काही समजेच ना. मंग तुमी ओट्यावर बसून समजावलं. परेडीत साहेबानं चुकीचा हुकूम देल्ला, दाहिनेच्या जागी बाये म्हनला, का तोच साहेब म्हन्ते, "जैसे थे." मंग सगळी पलटन आधी होती तशी उभी राह्यते आन हुकूम पुन्हा होते, बरोबर.

मी इचारलं, "म्हंजे साहेब माफी मागते?"

"माफी नोहे बे गुलब्या. माफीत मानूस नुसतं तोंड हालवते. जैसे थे म्हंजे मागं जाचं आन तेच काम पुन्हा बरोबर कराचं. आन ध्यानात ठेव, ज्यानं चूक हुकूम देल्ला त्यालेच म्हना लागते. त्याच्यासाठी दुसऱ्याले म्हनता येत नाही."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं होतं. पन कसं, पाहुन्याचं बोलनं ऐकतो तसं. मुंडी हालवली आन सोडून देल्लं.

मंग सगळ्या घराची परेड सुरू झाली. मोठीआईच्या भाजीत मीठ जास्त पडलं, का तुमचा आवाज, "जैसे थे!" मोठीआई म्हने, "आता काय मीठ चिमट्यानं वेचू?" मी ट्यूबवर तुकडा वाकडा चिपकवला का मागून, "जैसे थे!" उखाड, घास, सुलोशन लाव, फुंक मार, पुन्हा चिपकव. एका सायकलचं पंक्चर तुमी मले चारदा काढाले लावलं, तं तो सायकलवाला म्हने, "फौजी, मले गाडी पकडाची आहे, हवा निघाली तरी चालीन."

एकदा मी दुकानातून घरी आलो आन दारातूनच सुमनवर खेकसलो, "कुठं मेली होतीस वो? चहा कुठं आहे?" तुमी आमच्याच पडवीत बसून होते. "जैसे थे." काय करता? बाहेर गेलो. चपला घातल्या, चपला काढल्या, पुन्हा अंदर आलो आन म्हनलो, "सुमन, चहा मिळीन काय?" ही लिहिता लिहिता हसून राहिली. म्हन्ते, लग्नानंतर तेवढ्या एकाच वेळी मी तिचं नाव घेऊन बोललो, आन तेबी फौजी हुकमानं.

त्याच दिवसायत मास्तर पेपर वाचून दाखवत होते, "तलावातल्या गाळाची परिस्थिती जैसे थे." मी पळतच तुमच्याकडं आलो. म्हनलो, "मोठेबाबा, तुमचा हुकूम पेपरवालेबी मानतात!" मास्तरनं मंग समजावलं का पेपरात त्याचा अर्थ उलटा आहे. काहीच हाललं नाही, जे होतं ते तसंच सडून राहिलं, असा. तुमी असे बिगडले! "या पेपरवाल्यायले पंधरा दिवस परेड करवा लागते!" मी पोट धरून हसलो. मले काय माहीत, पुढं मी सोता पेपरवाल्यायचाच अर्थ पाळत बसीन म्हनून.

गावानं तुमचं नाव फौजी ठेवलं. कारगिलच्या लढाईत तुमी वरते होते एवढं गावाले माहीत होतं. डाव्या पायाची दोन बोटं गेलेली, चालताना तुमी जरासे लचकत. गावाले वाटे गोळी लागली. तुमी सांगत, "थंडीनं गेली." तं लोक म्हनत, "पाहा, किती साधा मानूस, गोळीलेबी थंडी म्हन्ते." पंधरा ऑगस्ट आला, सव्वीस जानेवारी आली, का मास्तर तुमाले घ्याले येत. तुमी इस्त्रीचा पांढरा शर्ट, छातीवर मेडलं, पायात चमकवलेले बूट. झेंडा तुमच्याच हातानं वर जाये. मी कुंपनाबाहेरून पाहो. शाळेच्या अंदर जाची मले तवाबी भीती वाटे, न जानो मास्तर दुसरीतच बसवतीन.

आन एक गोष्ट होती. तुमी पुरी खात नोहते. लगीन असो, नामकरन असो, ताटात पुरी आली का तुमी ती मोठीआईच्या ताटात सरकवत. मी म्हनो, "काऊन जी मोठेबाबा, लढाईत पुऱ्या दुश्मनाकडून होत्या काय?" पंगत हसे. तुमी हसत नोहते. त्याच्यानं मले आनखीनच चेव येये.

मंग ती चवदा एप्रिल आली. विहाराच्या मागं मांडव टाकून स्वयपाक चालू होता, उन्हानं डोकं फुटून राहिलं होतं, आन आचारी चक्कर येऊन पडला. पीठ सैल भिजलेलं, तेल तापलेलं, मिरवनूक पारावरून निघाली म्हनून पोट्टे सांगत आले. सगळे एकमेकायच्या तोंडाकडं पाहून राहिले. तुमी उठले. शर्ट काढून खुट्टीले टांगला, बनियनवर कढईपाशी बसले आन मले म्हनले, "गुलब्या, कोरडं पीठ आन."

तुमचे हात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाह्यले. लाटता लाटता, न पाहता, पुरी तेलात जाये. फुगली का पलटी, निघाली का दुसरी. मी पंक्चरवाला, हातायचं काम मले समजते. हे घरी शिकलेलं काम नोहतं.

"मोठेबाबा, हे कुठं शिकले?"

"नोकरीत."

"नोकरीत तं बंदूक राह्यते ना जी?"

"बंदूक सगळ्यायलेच शिकवतात. मले पीठबी शिकवलं. लांगरी होतो मी."

लांगरी म्हंजे फौजेतला स्वयपाकी. मले माहीत नोहतं, तुमी सांगितलं. हवालदार कसा म्हने, "लांगरी, गोली बाद में, पहले रोटी." साहेबाचा चहा कसा, जवानायची डाळ कशी. मी हसलो, तुमीबी हसले. हे पहिल्या घान्यापर्यंत. दुसरा घाना तेलात गेला आन तुमी बाकीची गोष्ट सांगितली. ती बाकीची गोष्ट मी इथं नाही सांगत, या कागदाच्या शेवटी सांगतो, कारन हा सगळा कागद तिच्यासाठीच आहे. एवढंच सांगतो का तुमी ती संपवली, कढईकडं पाहत बसले, आन मले काही तरी बोलाचं होतं, आन मी काय बोललो? मी म्हनलो, "मोठेबाबा, तेल जास्त तापून राहिलं."

हा मी.

दिवाळीनंतर मंडई आली. दंडारीत माह्या जोडीले जो सोंग करे तो कामासाठी रायपूरकडं निघून गेला होता. मी एकटा. आन खरं सांगू, माह्यापाशी हसवाचं सामान संपलं होतं. सासू-जावयाचं झालं, दारुड्याचं झालं, यष्टीच्या कंडक्टरचं दोन वर्सं चालवलं. मंडईचा दिवस तोंडावर, पाव्हने आलेले, आजूबाजूच्या गावायचे लोक आलेले, आन माहं डोकं रिकामं. रिकाम्या डोक्यात सगळ्यात आधी काय आलं? बेलन.

तुमी समोरच्या खुर्चीवर होते. गावानं तुमाले शाल-नारळ देऊन बसवलं होतं. मी डोक्यावर जर्मनचा गंज, डाळ शिजवाचं भांडं, उलटा घालून, खांद्यावर बेलन घेऊन, डावा पाय लचकवत आलो. ओळखाले कोनाले काही वेळ लागला नाही. बायाच आधी हसल्या. मी म्हनलो, "मी फौजी होय! सतरा वर्सं लढलो! दुश्मन समोरून आला, म्हने, हात उपर! मी म्हनलो, थांब बावा, हात कसा उपर करू, पोळी जळून राहिली!" मंडई फुटली नुसती. मी म्हनलो, "दुश्मनावर पुऱ्या फेकल्या, त्यानं खाल्ल्या, म्हने लोनचं कुठं आहे!" मानसं एकमेकायच्या अंगावर पडली. कोनी वरडलं, "म्हंजे फौजी आचारी होता काय बे?" मी छाती फुगवली, "आचारी नोहे! लांगरी!" आन तुमच्याकडं पाहून बेलनानं सलाम ठोकला. डाव्या हातानं.

तेवढं हसू मले आयुष्यात कधी भेटलं नाही. मी पीत गेलो, पीत गेलो.

तुमी उठून नाही गेले. शेवटपर्यंत बसले. सगळ्यायच्या टाळ्या थांबल्यावर तुमी वाजवल्या. मी घामाघूम, मले वाटलं, वा, मोठेबाबाले आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमी सायकल घेऊन दुकानात आले. मी नेहमीसारखा म्हनलो, "या जी मोठेबाबा!" तुमी सायकल उभी केली आन म्हनले, "गुलाबराव, जरा हवा भरून देता काय?"

गुलाबराव.

जन्मल्यापासून मी तुमचा गुलब्या होतो. शिव्या खाल्ल्या त्याबी गुलब्या म्हनूनच खाल्ल्या. तुमी मारलं असतं, चारचौघात वाभाडे काढले असते, तं मी गंमत करून निभावून नेलं असतं. "गुलाबराव"ले काय उत्तर देता? मी हवा भरली. तुमी म्हनले, "धन्यवाद." आन गेले.

त्यानंतर पोट्टे तुमाले बेलन-फौजी म्हनाले लागले. तोंडावर नाही, पाठीमागं, पन पाठीले कान राह्यतात. सव्वीस जानेवारीले मास्तर तुमाले घ्याले गेले. तुमी अंगनात धान वाळवत होते. म्हनले, "मास्तर, लांगरीचं काय काम झेंड्यापाशी? दुसरा पाहा." मास्तर तिथून सरळ माह्या दुकानात आले. मास्तर रागावतात तवा लांबन लावत नाहीत, सरळ बोलतात. "गुलाब, तू जाय. तू गेल्याबिगर ते येनार नाहीत."

मी गेलो. रस्त्यानं पाठ करत गेलो, मोठेबाबा चुकलो, मोठेबाबा चुकलो. दुसरीतला पाढा पाठ केला नसन तेवढं पाठ केलं. तुमी ओट्यावर होते. म्हनले, "या गुलाबराव. बसा. बोला."

मी बसलो. माह्या तोंडात शब्दायची लाईन लागते ना, तं गंमत नेहमी धक्के मारून समोर घुसते. मी म्हनलो, "मोठेबाबा, टायर कसा आहे?"

तुमी म्हनले, "टायर बरोबर आहे, गुलाबराव."

"ट्यूब?"

"ट्यूबबी बरोबर आहे."

मोठीआई अंदरून म्हनली, "तो मेला सायकलची तब्येत इचाराले आला काय?" मी हसलो. उठलो. घरी आलो. त्या वर्षी झेंडा मास्तरनं वर केला, अर्ध्यात दोरी अटकली.

चार वर्सं झाली त्या गोष्टीले, मोठेबाबा. चार वर्सं तुमी रोज सकाळी दुकानात आले. तुमी बसथांब्याच्या पल्याडच्या दुकानात गेले असते तं मले सोपं झालं असतं, मी म्हनलो असतो, जाऊ दे, राग आहे. पन तुमी माह्याकडंच येत. सायकल लावत. "गुलाबराव, हवा." मी पंप मारो, तुमी बाजूले उभे. मी सगळं बोलो, पावसाचं, धानाचं, अर्जुनीच्या बाजाराचं, कोनाची म्हस फसली, कोनाची सून पळाली. तुमी ऐकत. मंग "धन्यवाद." रोज. मी मनात म्हनो, उद्या सांगू. उद्या दुकानात गिऱ्हाईक कमी राहीन तवा सांगू. कधी कधी तं दुकानात कोनीच नसे, तुमी आन मी आन तो पंप. तेवढ्यात मले खोकला येये.

गोंदियाच्या दवाखान्यात मी तुमच्यासंगं तीन दिवस होतो. छातीत पानी झालं होतं, तोंडावर नळीचा मास्क. मी तिथंबी काय केलं? वार्ड हसवला. बाजूच्या खाटेवरचा छत्तीसगढचा बुढा म्हने, "भैया, एक और सुनाओ." सिस्टर म्हने, "तुमी आहा तोवर आम्हाले औषधाची गरज नाही." मी फुगलो. तुमी मास्कच्या वरून नुसतं पाहत. तिसऱ्या दिवशी दुपारी वार्ड झोपला होता. मी खुर्ची जवळ घेतली. खरंच सांगतो, त्या टायमाले मी तोंड उघडलं होतं. तुमी हात हालवला, मास्क जरासा बाजूले केला आन म्हनले, "गुल..."

सिस्टर आली, मास्क लावला, मले बाहेर काढलं. त्यानंतर तुमी बोलले नाही.

गुल. एवढंच. समोर "ब्या" होतं का "आबराव" होतं, तेवढं मले समजलं असतं तं मी काय म्हनता ते सोसलं असतं. मी वापस येताना गाडीत तुमच्या अंगावरच्या चादरीचं टोक धरून बसलो, आन सगळ्या रस्त्यानं ते दोन्ही नावं बोलून पाह्यली. गुलब्या म्हनताना ओठ कसे होतात, गुलाबराव म्हनताना कसे. सुमन म्हन्ते हे लिहू का? लिही.

तलावाच्या पाळीखाली सरन रचलं. भंतेजीनं पंचशील देल्लं, सगळे हात जोडून उभे. मी समोर गेलो. टाचा जोडल्या, तुमी शिकवलं होतं तसं, पोट अंदर, हात सरळ. आन मोठ्यानं म्हनलो, "मोठेबाबा, जैसे थे!"

लोक हसले.

सगळे नाही. पन हसले. मागून कोनी म्हनलं, "गुलाब घाटावरबी सोडत नाही." त्यायची चूक नाही. पोट सुटलेला मानूस, लुंगीवर, टाचा जोडून, मेलेल्या मानसाले परेडीचा हुकूम देते. मीबी तिकडं असतो तं हसलो असतो. मी मागं फिरलो, आन मोठेबाबा, लाज वाटते सांगाले, सवयीनं मीबी जरासा हसलो.

म्हनून कागद. माह्या तोंडावर कोनाचा भरोसा उरला नाही, माहाबी नाही. मास्तरच्या तोंडावर आहे.

सरन देऊन आल्यावर दोन दिवसानं मोठीआईनं तुमची सायकल दुकानात पाठवली. म्हने, ठेव तुह्यापाशी, इथं गंजून जाईन. मी पाह्यलं, मागच्या चाकात हवा नाही. वाल्व उघडून पाह्यला, चांगला. ट्यूब पान्यात टाकून पाह्यली, एक बुडबुडा नाही. मी घरी गेलो, म्हनलो, "मोठीआई, पंक्चर नाही, काही नाही, मंग हवा कशी जाये रोज?"

मोठीआई सूप घेऊन बसली होती. सूप तिनं खाली ठेवलं.

"जाये कशी? काढत होते ते."

"काढत होते?"

"रोज सकाळी अंगनात बसून वाल्व ढिला करत, फुस्स. मंग सायकल ढकलत तुह्याकडं जात. घरात पंप पडला आहे तो काय शोभेले? मी म्हनो, काऊन जी, भरल्या चाकाची हवा काढता, लोक येडे म्हनतीन. तं म्हनत, गुलब्याच्या दुकानात जाचं आहे."

"गुलब्याच्या म्हनत?"

"मंग काय म्हनतीन? तुह्या बापानं ठेवलं तेच नाव." मंग ती म्हनली, "वापस येत तवा मी इचारो, बोलला काय? ते म्हनत, आज गिऱ्हाईक होते."

मोठेबाबा, गिऱ्हाईक नोहते. कित्येक दिवस कोनीच नोहतं. तुमी मोठीआईपाशीबी माही बाजू घेत राहिले.

तं त्या "गुल"च्या समोर काय होतं ते मले माहीत झालं. माहीत होऊन काय उपयोग. तुमी चार वर्सं रोज आपल्या चाकाची हवा काढली, का या गाढवाले तोंड उघडाची एक जागा भेटली पाहिजे. तुमाले सोताले म्हनता येत नोहतं. ज्यानं चूक केली त्यालेच म्हना लागते. नियम तुमी मोडला नाही, मी पाळला नाही.

आता परेड, जैसे थे. मंडईच्या दिवसावर वापस जातो. डोक्यावरचा गंज काढला. बेलन खाली ठेवला. पाय सरळ केला. आता बरोबर सांगतो. मास्तर, इथून हळू वाचा.

आमचे मोठेबाबा लांगरी होते. लढाईच्या दिवसात वरते पहाडावर एका चौकीत एकोनीस जन होते आन खाली मोठेबाबाचा चुल्हा. पोळी वरतपर्यंत दगड होये, पुरी नरम राहे, म्हनून पुऱ्या. पुऱ्या पाठीवर नाही, कोटाच्या अंदर पोटाले बांधून, अंगाच्या गरमीनं गरम राहाव्या म्हनून. दोरी धरून चढाचं. मधात एक वळन होतं, तिथं वरून गोळे पडत. त्या दिवशी तिथं बर्फात आडवं पडून राहा लागलं, लय वेळ, पाय हालवला तं दिसे. पाय हालवला नाही. बोटं तिथंच गेली. पुऱ्या गरम राहिल्या.

वर पोचले. हवालदारानं इचारलं, "कितने की लाया, लांगरी?"

"उन्नीस की, साब."

हवालदार म्हने, "छह हैं हम."

सहा जनायनं खाल्लं. मोठेबाबानं इचारलं, "बाकी का क्या करूं, साब?" हवालदार म्हने, "रख दे. नाम लेके रख."

तं मोठेबाबानं दगडावर एक एक पुरी ठेवली, एकेकाचं नाव घेऊन. तेरा. कोनाले मिठाची आवडे, कोनाले कडक तळलेली, एकाले मिरचीचं लोनचं असल्याबिगर घास उतरत नोहता, त्याच्या पुरीवर लोनचं ठेवलं. मोठेबाबा म्हनले, लांगरीले मानसाची भूक आधी माहीत होते, चेहरा मंग.

ही बाकीची अर्धी गोष्ट. हीच सोडून मी बेलन घेऊन नाचलो.

आन आता ते सांगतो जे सुमनलेबी माहीत नाही. त्या चवदा एप्रिलले, कढईपाशी, तुमी ती तेराही नावं मले सांगितली होती. गावासंगट. कोन कुठला, कोनाची पोरगी किती मोठी. मले त्यातलं एकबी नाव याद नाही, मोठेबाबा. चार दिवस झाले, डोकं खाजवून राहिलो. बेलन याद राहिला. लोनचं याद राहिलं. कारन त्याच्यात गंमत होती. नावं तुमच्यासंगं गेली आन मी जितं गोदाम, रिकामं.

सुमननं पेन ठेवला होता. आता पुन्हा उचलला.

परवाच्या कार्यक्रमाले मी पुऱ्या करून राहिलो. मोठीआई म्हनली, "आपल्यात घास ठेवत नाहीत, गुलाब. बाबासाहेबानं ते सगळं सोडाले लावलं." मी म्हनलो, "हा घास नोहे, मोठीआई. ही हजेरी होय." परातीत पीठ काढून तिनं परात माह्यासमोर सरकवली.

माह्या पुऱ्या फुगत नाहीत. आज सकाळी करून पाह्यल्या, पंक्चर झालेल्या निघतात सगळ्या. तरी विहाराच्या पायरीवर तेरा ठेवीन, एकीवर मिरचीचं लोनचं. नावाबिगर ठेवीन, कारन नावं मी हरवली. कोनाले हसू आलं तं हसू द्या, माह्यावर आहे ते, त्यायच्यावर नाही.

तेरा झाल्यावर चवदावी ठेवीन. तिचं नाव मले येते. आख्ख्या गावात ते कोनी घेत नाही, कोनी फौजी म्हने, कोनी बेलन-फौजी, मी मोठेबाबा.

लांगरी सुखदेव.

मास्तर, एवढं नाव जरा जोरानं वाचा.